गाडी थांबत नाही, म्हणून स्टेशनही मोडायचे का?

कोल्हापुरात रेल्वेचा विषय निघाला की बोलणे ठरलेल्या वळणाने जाते. वैभववाडीचा सुमारे 107 किलोमीटरचा मार्ग कधी होणार, मिरजेपर्यंतचा एकेरी मार्ग दुहेरी कधी होणार, पुण्याची वंदे भारत रोज का धावत नाही, मुंबईच्या गाडीत जागा का मिळत नाही. हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि ते पुन्हा पुन्हा विचारले गेले पाहिजेत. मात्र या चर्चेत रेल्वे म्हणजे कोल्हापूरचे टर्मिनस आणि तिथून थेट मिरज, पुणे, मुंबई असा एक नकाशा आपण न सांगता गृहीत धरलेला असतो. मधली गावे त्या नकाशात नसतात. वळिवडे, रुकडी, निमशिरगाव-तमदलगे ही नावे वेगाने जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दिसतात न दिसतात तोच मागे पडतात, आणि जी स्टेशने मार्ग बदलल्यामुळे रुळांपासूनच तुटली, ती तर तेवढीही दिसत नाहीत.

थांबे कमी झालेली, तिकीटखिडकी बंद पडलेली, किंवा गेज (दोन रुळांमधले अंतर) बदलताना मार्गासकट टाकून दिलेली गावस्थानके पुढे काय व्हावीत, हा प्रश्न सार्वजनिक आहे, पण तो सार्वजनिक रीतीने कधी विचारला जात नाही. त्याचा निर्णय एखाद्या विभागीय कार्यालयात होतो आणि गावाला तो ट्रक येऊन दारे-खिडक्या नेऊ लागल्यावर कळतो. माझे म्हणणे असे की, वापरातून गेलेल्या प्रत्येक गावस्थानकाचा इतिहास ते पाडण्याआधी लिहून घेणे रेल्वेवर बंधनकारक असावे, आणि जिथे इमारत चालत्या मार्गाच्या आड येत नसेल तिथे ती नाममात्र भाड्याने ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यावी. ही मागणी हळवेपणातून आलेली आहे असे वाटण्याचा संभव आहे, म्हणून ती कशावर उभी आहे ते थोडे विस्ताराने सांगतो.

मिरज-कोल्हापूर हा मार्ग इंग्रज सरकारने बांधून दिलेला नाही. तो करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानचा मार्ग होता. 3 मे 1888 रोजी त्याच्या कामाचा प्रारंभ शाहू महाराजांच्या हस्ते झाला, तेव्हा महाराज चौदा वर्षांचेही नव्हते आणि राज्याधिकार हाती यायला आणखी सहा वर्षे जायची होती. एप्रिल 1891 मध्ये 29 मैलांचा हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे होते, 1908 च्या विलीनीकरणानंतर ते मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे गेले, परंतु मालकी संस्थानची होती. संस्थानची म्हणजे शेवटी कोणाची, हे विचारले पाहिजे. संस्थानचा खजिना प्रामुख्याने शेतसाऱ्यावर भरत असे, आणि शेतसारा हातकणंगले, शिरोळ, करवीर या भागांतल्या रयतेने भरलेला होता. ज्या गावांच्या शिवारातून रूळ गेले त्या गावांच्याच पैशातून ते गेले. रेल्वे ही दिल्लीची किंवा मुंबईची वस्तू आहे आणि गावाला तिचा लाभ मिळतो ही कृपा आहे, अशी जी समजूत आपल्यात रुजली आहे, ती निदान या 29 मैलांपुरती इतिहासाला धरून नाही.

मार्गावर इतकी छोटी स्टेशने का होती, याचे कारणही नीट समजून घेतले पाहिजे, कारण आज त्यांच्या विरोधात जे बोलले जाते त्याचे मूळ तिथेच आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडण्यासाठी ठरावीक अंतरावर दुसरा रूळ लागतो. पुढचा टप्पा मोकळा आहे याची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हाती धातूचा गोळा दिला जाई, तो गोळा देणारा आणि घेणारा माणूस प्रत्येक स्टेशनात हजर असावा लागे. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे. या तिन्ही गोष्टी प्रवाशांसाठी नव्हत्या, गाडी चालावी म्हणून होत्या. प्रवासी आणि माल नंतर त्या सोयीला येऊन मिळाले. म्हणून आज रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, विजेची इंजिने आली आणि स्टेशनमास्तरचे काम दूरवरच्या एका पॅनेलवर गेले, तेव्हा रेल्वेच्या दृष्टीने या स्टेशनांचे मूळ कारणच संपले. दुहेरी मार्ग झाला की ते आणखी संपेल. कोल्हापूरकर ज्या दुपदरीकरणासाठी निवेदने देत आहेत, त्याची किंमत मधल्या गावांनी मोजायची आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मी दुपदरीकरणाच्या विरोधात नाही. ते व्हायलाच हवे. पण किंमत कोणती आणि ती कोण देणार, एवढे तरी आधी समोर यावे.

गावासाठी मात्र स्टेशनाचे कारण वेगळे होते आणि ते लवकरच रेल्वेच्या कारणापेक्षा मोठे झाले. शिरोळ रोड या स्टेशनालगत शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव यांच्या नावाने जयसिंगपूर वसवले, सरळ रस्ते आखून बाजारपेठ उभी केली, आणि स्टेशनच पुढे त्या नव्या गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. स्टेशन आधी आणि गाव नंतर, असा हा क्रम आहे. नृसिंहवाडीला जाणारे दत्तभक्त इथे उतरत, कुंभोजच्या बाहुबलीला जाणारे जैन यात्रेकरू हातकणंगल्याला उतरत, आणि स्वतःचे स्टेशन नसलेल्या इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावाचे रेल्वेशी जे नाते आहे तेही हातकणंगल्याच्याच मार्फत. 1920 च्या मार्चमध्ये ज्या माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले, ते माणगाव रुकडी स्टेशनापासून काही किलोमीटरवर आहे. आपल्या सामाजिक इतिहासातल्या एवढ्या मोठ्या घटनेचा भूगोल सांगताना रुकडी स्टेशनाचा उल्लेख क्वचितच होतो.

मिरजेच्या वर पुण्याकडे गेलो तर कुंडल रोडचे उदाहरण आहे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून औंध संस्थानातल्या ज्या माळावर कारखाना थाटला, त्या माळाजवळ हे स्टेशन होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन आणि कर्ज दिले, हे सर्वांना माहीत आहे. पण लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याला कच्चे लोखंड आणि कोळसा आणायचा आणि तयार नांगर देशभर पाठवायचे, तर ओसाड माळावर त्याचे एकच भांडवल होते, ते म्हणजे हाकेच्या अंतरावरचा मालधक्का. पुढे स्टेशनचे नावच किर्लोस्करवाडी झाले. सप्टेंबर 2024 मध्ये पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा तिच्या मोजक्या थांब्यांत किर्लोस्करवाडी होती. आजची प्रवासीसंख्या पाहून स्टेशनाचे भवितव्य ठरवायचे म्हटले असते, तर 1910 च्या आधीचे कुंडल रोड कोणत्या हिशेबात टिकले असते?

त्याच मार्गावर कराडच्या अलीकडे शेणोली आहे. 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी इथे अडवली आणि ती रक्कम चळवळीसाठी ताब्यात घेतली. प्रतिसरकारचा इतिहास आपण नाना पाटलांच्या पत्री सरकारच्या कथांतून ऐकतो, पण त्या कथांमधली रेल्वे नेहमी नुसती ‘गाडी’ असते, ती कोणत्या स्टेशनांच्या मधे होती, गावातल्या कोणाला वेळापत्रक ठाऊक होते, खलाशी आणि गेटमन कोणाच्या बाजूचे होते, हे प्रश्न विचारले जात नाहीत. अशी कामगिरी वेळापत्रकाच्या आणि रुळांच्या नेमक्या माहितीवाचून होत नाही, आणि ती माहिती गावस्थानकाच्या आसपास वावरणाऱ्या माणसांकडेच असते. इतिहासाचा हा थर पुराभिलेखागारात सापडत नाही. तो स्टेशनाभोवतीच्या घरांत सापडतो, आणि ती घरे स्टेशनासोबत उठतात.

या सगळ्या मालिकेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वळिवडे. कोल्हापूरच्या अगदी वेशीवरचे हे गाव. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाने पूर्व पोलंडमधून लाखो पोलिश लोकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले होते. 1941 च्या करारानंतर त्यांतल्या काहींना बाहेर पडता आले, इराणमार्गे त्यांतली हजारो माणसे हिंदुस्थानात पोहोचली. जामनगरजवळच्या बालाचडीत मुलांची छावणी झाली, तिची आणि तिथल्या संस्थानिक जामसाहेबांची कथा पुष्कळांना माहीत आहे. पण हिंदुस्थानातली सर्वांत मोठी पोलिश वसाहत वळिवड्याला होती. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित इथे राहिले, त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत असत. रशियातल्या थंडीतून आणि उपासमारीतून आलेल्या या माणसांना करवीरच्या माळावर पहिल्यांदा स्थिर छप्पर मिळाले, आणि ती वसाहत रेल्वेमार्गालगत उभी राहिली होती, कारण एवढ्या माणसांना आणायचे आणि जगवायचे तर रेल्वेवाचून दुसरा मार्ग नव्हता.

युद्ध संपले, पोलंडवर वेगळीच राजवट आली, आणि यांतले अनेक जण मायदेशी न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत विखुरले. त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्यांनी जे गाव उभे केले ते आजचे गांधीनगर, दक्षिण महाराष्ट्रातली कापडाची मोठी घाऊक पेठ. पाच-सहा वर्षांच्या अंतराने एकाच माळावर जगाच्या दोन टोकांची उद्ध्वस्त माणसे आली, एक समूह निघून गेला आणि दुसऱ्याने मुळे धरली, असे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात मला ठाऊक नाही. पोलंडने हे विसरलेले नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या निर्वासितांची आठवण सांगणारा स्तंभ आहे, 2019 मध्ये पोलंडच्या मंत्र्यांच्या उपस्थितीत वळिवड्याच्या स्मृतीचा सोहळा झाला, आणि खुद्द वॉर्सॉ शहरात वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदी तिथे जाऊन आले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी मोठ्या अभिमानाने बातम्या दिल्या. त्या बातम्यांच्या गर्दीत वळिवडे स्टेशनाबद्दल एक ओळ कोणी लिहिली असती तर बरे झाले असते. वॉर्सॉतल्या दगडावर गावाचे नाव कोरलेले असताना, त्या गावाच्या फलाटावर या इतिहासाचा साधा फलक कायमचा लावण्यासाठी कोणाची परवानगी लागेल, हे विचारायलाही आपल्याकडे कोणी पुढे येत नाही. (परवानगी रेल्वेची लागेल, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती मिळवणे वॉर्सॉला जाण्याइतके अवघड नाही.)

आता ही स्टेशने का ओस पडतात ते पाहू, कारण ‘लोकच येत नाहीत’ हे उत्तर अर्धे खरे आहे. पहिला घाव मालाने घातला. पूर्वी शेतकरी किंवा अडत्या दोन-चार गाड्या गूळ, शेंगा किंवा तंबाखू जवळच्या मालधक्क्यावर आणून एखादी वाघीण (मालाचा डबा) भरत असे, त्याहून कमी मालही घेतला जाई. रेल्वेने हळूहळू सुटा माल घेणे बंद केले आणि संपूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरणाऱ्या मोठ्या ग्राहकाकडे मोर्चा वळवला. खर्चाच्या दृष्टीने त्यात तथ्य होते, पण त्या धोरणात छोट्या स्टेशनाच्या मालधक्क्याला जागाच उरली नाही. संपूर्ण रेक भरेल एवढा गूळ रुकडीत एकाच दिवशी कोण आणणार? दुसरा घाव एसटीने घातला, पण तो चांगल्या अर्थाने. 1948 नंतर लाल गाडी गावाच्या चावडीपर्यंत येऊ लागली, तर स्टेशन गावापासून मैल-दोन मैलांवर, शेतातून चालत जाण्याच्या अंतरावर. ज्याला तालुक्याला जायचे त्याने एसटी धरली. 1971 मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, गाड्या लांब आणि वेगवान झाल्या, आणि वेगवान गाडीचा प्रत्येक थांबा अधिक महाग ठरू लागला.

तिसरा घाव अलीकडचा आहे आणि तो मला सर्वांत कमी समर्थनीय वाटतो. 2020 मध्ये टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. त्या परत सुरू झाल्या तेव्हा पुष्कळ ठिकाणी ‘स्पेशल’ म्हणून सुरू झाल्या, किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपयांवर गेले, अनेक छोटे थांबे मागे पडले. फेब्रुवारी 2024 मध्ये किमान भाडे परत दहा रुपये झाले, पण मधल्या चार वर्षांत दूधवाला, भाजीवाली, कॉलेजचे विद्यार्थी आणि एमआयडीसीतले कामगार यांनी दुसरी वाट धरलेली होती. यानंतर रेल्वे तिकीटविक्रीचा आकडा दाखवून म्हणते की इथे प्रवासी नाहीत. आधी गाडी काढायची, भाडे तिप्पट करायचे, खिडकी बंद करायची आणि मग विक्री शून्य म्हणून स्टेशन निरुपयोगी ठरवायचे, हा हिशेब नसून आपणच केलेल्या निर्णयाचा पुरावा म्हणून आपलाच निर्णय दाखवणे आहे. एखाद्या स्टेशनाचा थांबा रद्द करताना मागच्या दहा वर्षांत तिथे कोणत्या वेळेला किती गाड्या थांबत होत्या, आणि त्या वेळा गावाच्या कामाच्या वेळांशी जुळत होत्या का, ही माहिती विक्रीच्या आकड्यासोबत प्रसिद्ध झाली पाहिजे. मध्यरात्री दीडला थांबणाऱ्या गाडीची तिकिटे विकली गेली नाहीत यावरून गावाला रेल्वे नको आहे असा निष्कर्ष निघत नाही.

काही स्टेशने मात्र कोणत्याही हिशेबाने परत येणार नाहीत, आणि माझा मुख्य प्रश्न त्यांच्याबद्दल आहे. सांगली संस्थानने 1907 मध्ये मिरजेपासून शहरात शिरणारा सुमारे पाच मैलांचा फाटा बांधला. ब्रॉडगेज आले तेव्हा मुख्य मार्ग विश्रामबागच्या बाजूने गेला आणि शहरातले जुने टर्मिनस संपले. आज सांगलीतल्या मोठ्या जाहीर सभा स्टेशन चौकात होतात, आणि त्या चौकात स्टेशन का नाही याचे उत्तर तिथल्या तरुणांना सहसा देता येत नाही. एका शहराचे टर्मिनस इतक्या सहज पुसले जाऊ शकते, तर खेड्यातल्या दोन खोल्यांच्या स्टेशनाची काय कथा? मिरज-पंढरपूर या मार्गाचेही तसेच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी गेजची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू केली, 1906 मध्ये ती पंढरपूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव या कोरडवाहू गावांसाठी ती जगाशी जोडणारी एकमेव गोष्ट होती, आणि आषाढी-कार्तिकीला तिच्या टपावर बसून वारकरी पंढरपूर गाठत. 2010-11 च्या सुमारास तो मार्ग ब्रॉडगेज झाला, नवी स्टेशने बांधली गेली. नव्या मार्गाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण जुन्या नॅरोगेज स्टेशनांच्या दगडी खोल्या, पाण्याच्या टाक्या आणि कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स यांचा कोणी मोजमापांसह एक साधा आलेख केला असता, तर जगातल्या नॅरोगेज अभ्यासकांनी ज्या मार्गाला नमुना मानले त्याचा आपल्याकडे काही दस्तऐवज उरला असता. इंजिने संग्रहालयांत जातात आणि स्टेशने भंगारात, हा प्रकार मला कायम चमत्कारिक वाटत आला आहे. इंजिन कुठेही बनते आणि कुठेही धावते, स्टेशन मात्र एकाच जागचे असते.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप संभवतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला रेल्वेचा: चालत्या, विजेच्या तारांखालच्या मार्गालगत गावकऱ्यांना वावरू देणे धोक्याचे आहे. हे मान्य करायलाच हवे. जिथे इमारत रुळांना खेटून आहे आणि मधे भिंत घालता येत नाही, तिथे ताबा देण्याचा आग्रह मी धरणार नाही, तिथे नोंद, छायाचित्रे आणि फलक एवढ्यावर समाधान मानावे. दुसरा आक्षेप गावाचा आहे, आणि तो ऐकताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते: आम्हाला संग्रहालय नको, गाडी द्या. शहरात राहून जुन्या दगडांचे कौतुक करणे सोपे असते, आणि शेतमजुराच्या मुलीला हातकणंगल्याच्या कॉलेजला जायला सकाळची पॅसेंजर हवी असते. म्हणूनच मी आधी थांब्यांच्या आकड्यांबद्दल लिहिले. इमारत जपण्याची मागणी ही थांबा मागण्याच्या जागी पुढे करायची नाही, जिथे गाडी येऊ शकते तिथे आधी गाडी मागायची. पण जिथे रूळच गेले तिथे हा पर्याय संपलेला असतो, आणि तिथे रिकामी इमारत गावाच्या वाचनालयाला, अंगणवाडीला, बचत गटाच्या दुकानाला किंवा दूध संकलन केंद्राला द्यायची की गुरे बांधायला सोडायची, एवढाच प्रश्न उरतो. कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्थेला दोन खोल्या आणि एक ओटा मिळाला तर ती काय करून दाखवते, हे सांगायची गरज नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. रेल्वेची जमीन केंद्राची आहे आणि ती फुकट वाटता येत नाही. पण नाममात्र दर ही कल्पना रेल्वेला परकी नाही. सप्टेंबर 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या जमिनीच्या भाडेपट्ट्याचे जे सुधारित धोरण मंजूर केले, त्यात मालवाहतुकीच्या टर्मिनलांसाठी पस्तीस वर्षांपर्यंतच्या पट्ट्याची तरतूद आहे, आणि रुग्णालये व केंद्रीय विद्यालये यांसारख्या सामाजिक सोयींसाठी वर्षाला चौरस मीटरमागे एक रुपया असा दर ठेवलेला आहे. रुग्णालयाला एक रुपया चालतो तर ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला का चालू नये? दोन खोल्यांच्या इमारतीचे क्षेत्रफळ शंभर चौरस मीटरही भरणार नाही. या रकमेपेक्षा तिची दारे उपटून लिलावात विकण्याच्या कागदपत्रांवर अधिक खर्च होत असावा.

मग इतिहास कोणी लिहायचा? रेल्वेने स्वतः लिहू नये असे मला वाटते, तिने फक्त दारे उघडावीत. जुने नकाशे, वेळापत्रके, इमारतींचे आराखडे, पार्सलच्या नोंदवह्या यांपैकी जे विभागीय कार्यालयात शिल्लक असेल ते अभ्यासकांना पाहू द्यावे. संस्थानच्या बाजूचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत, करवीर दरबाराच्या वार्षिक प्रशासन अहवालांत रेल्वेचा हिशेब येतो, आणि शिवाजी विद्यापीठात शाहू संशोधन केंद्र आहे. मीटरगेजच्या काळात नोकरीला लागलेले पॉइंट्समन, गँगमन आणि हमाल आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना गाठण्याचे काम मात्र फार दिवस पुढे ढकलता येणार नाही. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एकेका स्टेशनाचा विषय दिला, तर जिल्ह्यातली सगळी स्टेशने दोन-तीन वर्षांत सहज पुरी होतील. राजाने रेल्वे आणली इथवर आपला इतिहास येऊन थांबला आहे. त्या रेल्वेवर रुकडीतल्या कोणी काय पाठवले, वळिवड्याला कोण उतरले, जयसिंगपूरच्या पेठेत कोणत्या जातीच्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचे दुकान थाटता आले, हे पुढचे पान अजून कोरे आहे, आणि शाहू महाराजांचे नाव स्टेशनाला देणाऱ्या शहराला ते कोरे ठेवणे शोभत नाही.

कोणते स्टेशन आधी घ्यायचे याबद्दल मी फारसा वाद घालणार नाही, सगळीच सारख्या महत्त्वाची आहेत असे म्हणणे म्हणजे कोणाचेच काही न करणे. माझ्या यादीत वळिवडे पहिले आणि रुकडी दुसरे. रुकडीजवळ पंचगंगेवरचा रेल्वे पूल आहे. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर कित्येक दिवस रस्त्याने तुटले, तेव्हा नदीची पातळी, पूल आणि रेल्वे यांचे नाते सर्वांच्या ध्यानात आले. सव्वाशे वर्षांत या पुलाने कोणते पूर पाहिले, कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढले, याच्या नोंदी पूररेषेच्या आजच्या वादातही उपयोगी पडतील, आणि त्या नोंदी जुन्या स्टेशनमास्तरांच्या दप्तरात किंवा त्यांच्या वारसांच्या घरात असण्याची शक्यता जलसंपदा विभागाच्या फायलींपेक्षा कमी नाही.

हे सगळे करायची वेळ दुपदरीकरणाचा आराखडा मंजूर होण्याआधीची आहे. दुसरा रूळ कोणत्या बाजूने जाणार, फलाट कुठे सरकणार आणि कोणती इमारत आड येणार हे सर्वेक्षणाच्या टप्प्यात ठरते. त्या वेळी खासदारांनी, आमदारांनी आणि मार्गावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने ठराव करून ‘आड न येणारी इमारत पाडू नये, आड येणारी पाडण्यापूर्वी तिचा आलेख करावा’ ही अट निविदेतच घालायला लावली, तर ठेकेदाराला ती पाळावी लागते. कामाचा आदेश निघाल्यानंतर केलेला तोच ठराव निवेदनांच्या फायलीत जातो. जिल्हा परिषदेने या ठरावाचा एक नमुना तयार करून मार्गावरच्या गावांना पाठवावा, त्याला खर्च फक्त कागदाचा येईल.